पारव्याचं कौतुक

आगरदांड्याच्या जेटीवर गाड्या फेरीबोटीत चढवून देणारा कोंडाजी मोकल त्या शुक्रवारी सकाळपासून चुकत होता. एरवी हा माणूस पुण्याच्या नवशिक्या साहेबालासुद्धा हाताच्या इशाऱ्यांवर असा उलटा आत घेई की शेजारच्या गाडीच्या आरशाला धक्का लागत नसे. पण त्या दिवशी त्याने एका टेम्पोला दोन मोटारींच्या मधे अडकवून ठेवलं आणि पलीकडच्या दिघीला जाताना टेम्पोवाल्याला खिडकीतून बाहेर पडावं लागलं. बोटीवरचे खलाशी हसले. कोंडाजी हसला नाही. त्याचं अर्धं डोकं चेन्नईजवळच्या एका डांबरी ट्रॅकवर होतं. त्या ट्रॅकवर रविवारी त्याची मुलगी मृणाली मोटारसायकलींच्या राष्ट्रीय स्पर्धेची शेवटची शर्यत पळणार होती.

जेटीवर अदनानचं चहा आणि थंड पेयांचं दुकान आहे. मृणालीच्या शर्यती बघण्याचा अड्डा तोच. अदनान पंचविशीत बहरीनला हॉटेलात नोकरीला होता आणि तिथल्या मोठ्या शर्यतीचा ट्रॅक त्याच्या खोलीपासून जवळ होता. तिकीट त्याला कधीच परवडलं नाही. कुंपणाबाहेर उभं राहून त्याने फक्त आवाज ऐकले. पण त्या आवाजांच्या भांडवलावर तो आज टायर, ब्रेक, वारा आणि डांबराची उष्णता यांवर असा बोलतो की ऐकणाऱ्याला वाटावं, याने निदान दोन तरी जगज्जेते घडवले असतील.

"फॉर्म बघा तुमी चाचा," फेऱ्यांच्या मधल्या निवांत वेळात तो म्हणाला. "पयल्या दोन शर्यती आपल्या पोरीच्या. तिसरीत दुसरी. चौथीत पडली, तिथं घोळ झाला. त्या कोइमतूरच्या पोरीने तेवढ्यात गुण भरून काढले. आता दोघी बरोबरीत. रविवारी जी पुढे, ती चॅम्पियन. येवढं सरळ हाय."

"कसली चॅम्पियन," कोंडाजी म्हणाला. "म्हस तरी वळणावर मान वळवते. ही तशीच सरळ जाते. मागल्या वेळी गेलीच ना कुंपणात."

बाकावरची मंडळी खूश होऊन हसली. कोंडाजी पोरीला नावं ठेवतोय म्हणजे सगळं ठीकठाक आहे, हे जेटीवरच्या कोळणींपासून तिकीट फाडणाऱ्यापर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं.

कोंडाजीची उमर बैलगाडीच्या शर्यतींत गेली. ओहोटी लागली की किनाऱ्यावर जी लांबलचक ओली वाळू उघडी पडते, तिच्यावर त्याच्या आजाने, बापाने आणि त्याने बैल पळवले. त्या घराण्यात एक नियम होता आणि तो देवासमोरच्या दिव्याइतक्या नेमाने पाळला जाई. शर्यतीआधी आपल्या बैलाबद्दल चांगला शब्द काढायचा नाही. दृष्ट लागते. उलट त्याला चारचौघांत लुळा म्हणायचं, आळशी म्हणायचं, याला कसायाने फुकट घेतला नाही म्हणायचं. बैल जितका तेज, तितक्या शिव्या कडक. बैलाचं कौतुक करायचाही एक दिवस असे, पण त्या दिवसाची आठवण कोंडाजी सहसा काढत नसे.

मृणाली मोटारसायकलीवर बसायला लागली तेव्हा हाच नियम आपोआप तिच्याकडे आला. माणगावात गॅरेज असलेल्या विनेशने, म्हणजे कोंडाजीच्या बायकोच्या, कोकिळाच्या, भाच्याने, तिला जुन्या सुट्या भागांची एक गाडी जोडून दिली होती. ती पोरगी ओहोटीच्या वाळूवर ती गाडी पळवायची आणि बाप बांधावर उभा राहून ओरडायचा, "अगं ब्रेक कुठं हाय ते तरी म्हाईत हाय का तुला? घरी जा, भांडी घास!" पोरगी आणखी जोरात मूठ पिळायची. अशी पिळत पिळत ती तालुक्यातून राज्यात आणि राज्यातून देशात गेली. प्रत्येक शर्यतीच्या आधी बापाचा फोन यायचा, त्यात दोन मिनिटं नुसत्या शिव्या असायच्या, आणि तो ठेवल्याशिवाय ती हेल्मेट घालत नसे.

पण चौथ्या शर्यतीत ती पडली आणि कोंडाजीच्या मनात किडा शिरला.

त्या वेळचा फोन त्याला शब्दन् शब्द आठवत होता. "तुझ्या हातून काय व्हायचं न्हाय, मधेच लोळशील बघ," असं तो म्हणाला होता. नेहमीचंच बोलणं. पण ती खरंच लोळली. मनगट मुरगळलं, गाडीचा चेंदामेंदा झाला. तेव्हापासून त्याला वाटायला लागलं होतं की बैलाला शिव्या कळत नाहीत म्हणून त्याला त्या लागत नाहीत, पण पोरीला तर कळतात.

त्यात माणगावचे पाहुणे येऊन गेलेले. मुलगा चांगला होता, वडिलांचे तीन ट्रक होते, घर हमरस्त्याला लागून. अट एकच, लग्नानंतर हे गाडीचं वेड बंद. कोंडाजी त्यांना हो म्हणाला नव्हता. पण नाहीही म्हणाला नव्हता. "ही शर्यत होऊ द्या, मग बोलू," असं काहीतरी पुटपुटून त्याने त्यांना पोहे खायला घातले होते. पडलेल्या पोरीचं सुजलेलं मनगट एकदा पाहिलं की बापाच्या तोंडून असं पुटपुटणं बाहेर पडतं, त्यात त्याला दोष देण्यात अर्थ नाही. तरी मला विचाराल तर हो किंवा नाही म्हणायची वेळ असते तेव्हा माणसाने पोहे पुढे करू नयेत.

त्या शुक्रवारी अदनानने नेमकी त्याची दुखरी जागा पकडली.

"चाचा, एक बोलू? राग मानू नका," चहाचा पेला पुढे करत तो म्हणाला. "तिकडे मोठ्या शर्यतींत ड्रायव्हरचा बाप टीव्हीवर येतो ना, तो पोराची तारीफ करतो. पोराला ताकद येते. तुमी आपले सारखे त्या पोरीला म्हस म्हणता. जमाना बदलला."

"दृष्ट लागते," कोंडाजी म्हणाला, पण आवाजात नेहमीचा जोर नव्हता.

"त्याच्यावर आमच्याकडे इलाज हाय. तारीफ करायची आणि माशाल्ला म्हणायचं. नजर लागत न्हाय. माझ्या अम्मीने आमा सगळ्या भावंडांना असंच वाढवलं." अदनानने मोबाईल उभा धरला. "बोला. मी ग्रुपवर टाकतो, विनेशला पन पाठवतो, तो हाय ना तिच्यासंगं. पोरगी बघेल."

कोंडाजीने इकडेतिकडे पाहिलं. गळ्यातली शिट्टी शर्टाच्या आत सारली. घसा खाकरला. मग त्याने आयुष्यात पहिल्यांदा, भर दुपारी, समुद्राला पाठ करून पोरीचं कौतुक केलं.

"माझी मृणाली वाघीण हाय," तो म्हणाला. "पाय बघा तिचे, हात बघा. दम तर असा की दिवसभर पळवा, तोंडाला फेस येणार न्हाय. ह्या किनाऱ्यावर अशी झाली न्हाय, व्हनार न्हाय. माशाल्ला."

शेवटचा शब्द त्याने इतक्या काळजीपूर्वक उच्चारला की अदनानला हसू आवरेना. पण बाकावरच्या दोघांनी टाळ्या वाजवल्या. व्हिडिओ गेला. थोड्या वेळाने तो चेन्नईत पाहिला गेल्याची खूणही आली. उत्तर मात्र आलं नाही. "सराव चालू असेल," अदनान म्हणाला. कोंडाजीला हलकं हलकं वाटत होतं. बरीच वर्षं तोंडात धरून ठेवलेलं काहीतरी एकदाचं बाहेर पडलं होतं.

हे हलकेपण संध्याकाळी घरी पोचेपर्यंतच टिकलं. कोकिळा अंगणात सुकत घातलेले बोंबील गोळा करत होती. व्हिडिओ तिच्याही फोनवर पोचला होता. तिने मान वर न करता विचारलं, "पोरीला कोनाला इकायला काढलीत?"

"म्हंजे?"

"पाय बघा, हात बघा, दम बघा. दारात गिऱ्हाईक आल्यावर बोलतात तसं बोललात."

कोंडाजी उभ्या जागी थिजला, कारण आता त्याला तो दिवस आठवला.

शर्यतींवर बंदी आली त्या वर्षाची गोष्ट. बंदी पुढे उठली, पण ती उठेल असं तेव्हा कोणालाच वाटत नव्हतं. न पळणारा शर्यतीचा बैल पोसणं कोंडाजीच्या आवाक्यातलं नव्हतं. त्याच्याकडे पारवा नावाचा करडा बैल होता. तो आणि मृणाली जवळजवळ बरोबरच वाढले. ती शाळेतून आली की आधी गोठ्यात जायची. एक दिवस घाटावरचा एक माणूस आला आणि कोंडाजीने अंगणात उभं राहून त्याच्यापुढे पारव्याचं कौतुक केलं. पाय बघा, खांदा बघा. दिवसभर पळवा, तोंडाला फेस येणार नाही. ह्या किनाऱ्यावर असा झाला नाही. छोटी मृणाली ओटीवर बसून ऐकत होती आणि आनंदाने टाळ्या पिटत होती, कारण बापाच्या तोंडून पारव्याबद्दल चांगलं असं तिने कधी ऐकलंच नव्हतं. सकाळी ती उठली तेव्हा गोठा रिकामा होता. ती रडली नाही, भांडलीही नाही. फक्त खूप दिवस तिने बापाशी बोलताना त्याच्याकडे पाहिलं नाही.

त्या घराण्यात बैलाचं कौतुक करायचा दिवस एकच होता, तो विकण्याचा. आणि कोंडाजीने पोरीचं कौतुक करताना तेच शब्द वापरले होते, कारण कौतुकाचे दुसरे शब्द त्याच्याजवळ नव्हतेच.

"तिला म्हाईत हाय का? ते माणगावचं?" त्याने कसंबसं विचारलं.

"मीच सांगितलंय. तिच्यापासून लपवून काय ठेवायचं व्हतं?" कोकिळाने बोंबलांची टोपली उचलली. "आणि तुमी पावण्यांना न्हाय म्हणाला नव्हतात. मी चुलीपाशी हुते, बहिरी न्हवते."

त्याने मृणालीला फोन लावला. बंद. पुन्हा लावला. बंद. विनेशचा लागला, पण मागे इंजिनांचा असा गोंगाट होता की काही ऐकू येईना. कोंडाजी अंगणात येरझाऱ्या घालत राहिला. जेवायला बसला आणि भात चिवडून उठला. आपण नजरेवर तेवढा इलाज केला आणि खरं संकट उघडं ठेवलं, हे त्याला कळून चुकलं होतं. सगळ्यात वाईट हे होतं की बाप आपल्याला द्यायला निघालाय असा पोरीचा समज झाला असेल, तर तो पुरता चुकीचा नव्हता. माणगावच्या लोकांपुढे पोह्यांची बशी सरकवताना त्याच्या मनात तिला शर्यतीतून काढायचं खरंच आलं होतं. तो अंथरुणावर पडला तरी तेच डोक्यात घोळत राहिलं.

शनिवारी पात्रता फेरी होती. जेटीवर गर्दी नेहमीपेक्षा जास्त, अदनानचा मोबाईल दोरीने खांबाला बांधलेला. मृणाली नववी आली.

"नववी!" अदनान कपाळावर हात मारून म्हणाला. "टायर गरम झाले नसतील. किंवा वारा. तिकडं समुद्राचा वारा आडवा लागतो, मी बहरीनला…"

"गप बस," कोंडाजी म्हणाला.

मंडळी तरीही चर्चा करत राहिली. कोणी म्हणालं मनगट दुखत असणार, कोणी म्हणालं कोइमतूरवालीची गाडीच भारी. कोंडाजी बोटीच्या उतारावर उभा राहून ऐकत होता. त्याला कारण ठाऊक होतं आणि ते टायरात नव्हतं.

दुपारी विनेशचाच फोन आला. "काका, पोरगी गाडीवर हाय, पन तिचं मन न्हाय. कालचा तुमचा व्हिडिओ बघितला आणि गप झाली."

"काय बोलली?"

"येवढंच, की बाबाने पारव्याला पन असंच म्हटलं व्हतं. मला काय कळलं न्हाय. तुमच्याशी बोल म्हटलं तर नको म्हणते. शर्यत होईपर्यंत कोनाशीच बोलायचं न्हाय म्हणते."

कोंडाजीने फोन ठेवला. मग लगेच दुसरा लावला, माणगावला. मुलाचे वडील मोठ्या अदबीने बोलले, शर्यत अजून व्हायची आहे ना, घाई काय, असं म्हणाले. कोंडाजी म्हणाला, "न्हाय. आमचं न्हाय हाय. तुमचा मुलगा चांगला हाय, घर चांगलं हाय, पन आमचं न्हाय." त्या गृहस्थांनी विचार करा म्हटलं. "इचार मी आधी करायला पायजे व्हता, तो आत्ता केला," कोंडाजी म्हणाला. चांगलं स्थळ हातचं गेलं होतं आणि पोरगी उद्या पुन्हा पडली तर कोकिळाला तोंड दाखवायला जागा उरणार नव्हती.

संध्याकाळी त्याने कोकिळाला सांगितलं. ती भाकरी थापत होती. थापायची थांबली नाही, पण म्हणाली, "मंग आता तिला कळवा. तिच्या भाषेत कळवा."

रविवारी शर्यत दुपारची होती. त्याआधी दिघीहून बोट लागली, गाड्या उतरल्या, नव्या गाड्यांची रांग चढायला उभी राहिली. कोंडाजीने शिट्टी खिशात टाकली आणि सरळ अदनानच्या दुकानाशी आला.

"तो मोबाईल काढ. आवाज भरून विनेशला पाठवायचा. तो तिच्या कानाला लावेल."

"व्हिडिओ करू ना चाचा?"

"नको. थोबाड न्हाय दाखवायचं मला." त्याने मोबाईल तोंडाजवळ धरला आणि तोंडाचा पट्टा सोडला.

"ए म्हशे! नववी आलीस, लाज न्हाय वाटली? नऊ नंबराला आमच्याकडे बैलालापन पेंड न्हाय मिळत. मनगट दुखतंय म्हणून रडतेस काय? तुला गाडी न्हाय चालवता येत, तुला भाकरी न्हाय करता येत. माणगावच्या पावण्यांना मी काल सांगून टाकलंय, की असली पोर कोनाच्या घरात द्यायच्या लायकीची न्हाय, आमच्याच गळ्यात ऱ्हाऊ दे. ऐकलंस? न्हाय म्हणून सांगितलंय. आणि परवा मी जे बोललो ते सगळं खोटं हाय. तुझे पाय वाकडे. तुझ्यात दम न्हाय. तुला कोनी फुकट घेनार न्हाय आणि मी कोनाला देनार न्हाय!"

शेवटच्या वाक्याला त्याचा आवाज चिरकला. अदनान आ वासून बघत होता. मग त्याच्या डोक्यात प्रकाश पडला असावा, कारण त्याने एकदम मोबाईलपाशी तोंड नेलं आणि ओरडला, "आणि टायर पन तुला सांभाळता येत न्हाय!" तिकीट फाडणारा खिडकीतून ओरडला, "घोरपडीसारखी चिकटून बसतेस गाडीला!" शेजारी सुक्या मासळीची पाटी घेऊन बसलेल्या कोळणीने उभं राहून असं काही म्हटलं की ते इथे लिहिता येत नाही. रांगेतल्या गाड्या भोंगे वाजवायला लागल्या. तो भोंग्यांचा आवाजही त्यात गेला.

शर्यत कोंडाजीने पाहिली नाही. तो बोटीच्या उतारावर उभा राहून गाड्या चढवत होता आणि दुकानातून येणारे आरडेओरडे पाठीवर घेत होता. सातवी. पाचवी. कोणीतरी पडलं, ती नव्हे, दुसरी कोणी. चौथी. "काय चालवतेय पोर…" अदनानने सुरुवात केली तसा कोंडाजी उतारावरून धावत गेला आणि त्याने त्याच्या तोंडावर हात दाबला. त्या हाताला डिझेलचा वास येत होता. अदनानने तसाच, दाबल्या तोंडाने, उरलेली शर्यत पाहिली.

मृणाली दुसरी आली. कोइमतूरची मुलगी तिच्या पुढे निम्म्या चाकाने होती. नवव्या जागेवरून सुटून दुसरी येणं हे किती मोठं, ते अदनान पुढे आठवडाभर सांगत राहिला. पण बरोबरीत जी पुढे ती चॅम्पियन असं ठरलं होतं, आणि पुढे ती कोइमतूरची होती.

बोट सुटायला थोडा वेळ असताना कोंडाजीच्या खिशातला फोन वाजला. तो कठड्यापाशी गेला.

"बाबा." ती धापा टाकत होती. "हरले रे."

"बघितलं न्हाय मी," तो म्हणाला.

"आवाज ऐकला तुझा. सगळ्यांचा. विनेशदादाने हेल्मेटमधे मोबाईल कोंबला व्हता." ती हसली की हुंदका दिला, ते त्याला कळलं नाही. "माणगावचं खरं हाय?"

"खरं हाय."

पलीकडे कोणीतरी तिला हाक मारत होतं. ती गेली नाही. मग लहानपणी गोठ्याच्या दारात उभी राहून विचारायची तशा आवाजात म्हणाली, "बाबा, आता शर्यत संपली. आता कोनाची दृष्ट लागायची न्हाय. आता तरी एकदा चांगलं बोल ना."

कोंडाजीच्या तोंडात सगळं तयार होतं. निम्मं चाक, नववीवरून दुसरी, मुरगळलेलं मनगट. डोळे भरून आल्याने त्याला समोरचा दिघीचा किनारा धड दिसत नव्हता. मागे एका मोटारीने चढायची वाट बघत भोंगा वाजवला.

"न्हाय बोलनार," तो म्हणाला.

"का?"

"तुला पुढच्या वर्षी पळायचं हाय."

मग मृणाली मोठ्याने रडायला लागली, आणि रडता रडता म्हणाली, "तुला पन गाड्या लावता येत न्हाय, बाबा."

"न्हायच येत," कोंडाजी म्हणाला. त्याने फोन खिशात टाकला, बाहीने तोंड पुसलं आणि वळून त्या मोटारीला हात केला. येऊ दे, येऊ दे.